ब्लो मोल्डिंग : पुन्हा भरण्याच्या टिकाऊ बाटल्या

उष्णतेने मऊ झालेल्या प्लास्टिकची पोकळ नळी दोन अर्ध्या भागांच्या थंड साच्यात पकडून, तिच्या पोटात दाबाची हवा सोडून तिला साच्याच्या अंतर्भागाचा आकार देण्याच्या पद्धतीस ब्लो मोल्डिंग किंवा फुंकसाचेकाम म्हणतात. अरुंद तोंडाची आणि पोकळ पोटाची जवळजवळ प्रत्येक प्लास्टिकची वस्तू, मग ती तेलाची बाटली असो, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार असो किंवा शेतकऱ्याच्या पाठीवरील फवारणी पंपाची टाकी असो, याच पद्धतीने तयार होते. प्रस्तुत नोंदीत त्यांपैकी जी भांडी रिकामी झाल्यावर मालकाकडे परत यावीत, धुतली जावीत व पुन्हा भरली जावीत अशा हेतूनेच जाड भिंतीची घडविली जातात, त्यांचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमानजीक वसलेले कुरुंदवाड हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे जुने ठाणे असून, दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर 8 मार्च 1948 रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले, आणि आज ते कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात मोडते. अशा गावाचा या विषयाशी संबंध नदीच्या द्वारे येतो. कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन औद्योगिक नगरांना वळसा घालून पंचगंगा येथे पोहोचते, तेव्हा वरच्या वस्त्यांनी तिच्यात टाकलेल्या सर्व गोष्टी तिच्याबरोबर येतात, आणि तेरवाडच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात साचणारी जलपर्णी व काळसर पाणी हे तालुक्याच्या नित्य परिचयाचे दृश्य झाले आहे. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची जी मोठी साथ पसरली, तिची आठवण या टापूत अद्याप ताजी आहे. पिण्याचे पाणी विकत घेण्याची सवय ज्या परिस्थितीतून निर्माण झाली, त्याच परिस्थितीत एकदा वापरून टाकलेल्या बाटल्यांचा भारही नदीवरच पडतो. म्हणून बाटली कशी घडते आणि किती वेळा परत येते हा प्रश्न संगमावरील गावाला अन्य कोणाहूनही अधिक निकट आहे.

रिकामे भांडे परत करून भरलेले घेणे हा रिवाज प्लास्टिकपेक्षा पुष्कळ जुना आहे. गोटीची सोड्याची बाटली, जिचे पेटंट हायरम कॉड या इंग्रज कारागिराने 1872 मध्ये घेतले, ती आपल्याकडील बाजारपेठांत दुकानातच पिऊन परत द्यावयाची असे. आणि मुंबईत आरेच्या दूध केंद्रावर रिकामी काचेची बाटली देऊन भरलेली घेण्याची रांग एका संपूर्ण पिढीने अनुभवली आहे. काचेच्या उद्योगाची स्वदेशी प्रेरणाही महाराष्ट्रात प्रबळ होती. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्ये निघाला, आणि कृष्णेच्याच खोऱ्यात, कुरुंदवाडच्या वरच्या अंगाला, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये उभारलेल्या कारखान्यातून पुढे प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला. फुंकून पोकळ वस्तू घडविण्याची मूळ कल्पना काचकामातूनच प्लास्टिककडे आली, आणि टिकाऊ प्लास्टिक बाटलीचे खरे पूर्वज शोधावयाचे तर ते अशा काच कारखान्यांतच शोधले पाहिजेत.

सेल्युलॉइडच्या नळ्या वाफेने फुगवून खेळणी व खुळखुळे करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात होती. तथापि यंत्राने अखंड बाटल्या घडविण्याचे श्रेय अमेरिकेतील एनॉक फर्नग्रेन व विल्यम कोपित्के यांच्याकडे जाते, आणि त्यांचे यंत्र 1937 च्या सुमारास एका काच-यंत्रे बनविणाऱ्या कंपनीनेच विकत घेतले. यंत्र हाती आले तरी त्याला साजेसे स्वस्त व लवचिक द्रव्य हवे होते. इंग्लंडमधील विनिंग्टन येथे 27 मार्च 1933 रोजी पॉलिएथिलीनचा शोध योगायोगाने लागला, आणि जर्मन रसायनज्ञ कार्ल झीग्लर यांनी 1953 मध्ये कमी दाबाखाली तेच द्रव्य अधिक घन व ताठ स्वरूपात तयार करून दाखविले. या कार्याबद्दल त्यांना जुलिओ नाट्टा यांच्यासह 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. घन पॉलिएथिलीन, ज्याला कारखान्यात सरसकट एचडी दाणा म्हणतात, ते ठाणे परिसरात 1960 च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागले, आणि पुढे रायगड जिल्ह्यातील नागोठण्याच्या वायू-आधारित संकुलाने त्यात मोठी भर घातली.

प्रत्यक्ष क्रिया पुढीलप्रमाणे चालते. हॉपरमध्ये ओतलेला दाणा तापविलेल्या बॅरलमधील फिरत्या स्क्रूने पुढे ढकलला जातो, आणि घर्षण व उष्णता यांच्या योगाने तो वितळतो. एचडी दाण्यासाठी हे तापमान सुमारे 180 ते 220 अंश सेल्सियस असते. वितळलेले द्रव्य एका वर्तुळाकार फटीतून खाली उतरते आणि त्याची पोकळ, लोंबती नळी बनते. हिला पॅरिसन म्हणतात. गुऱ्हाळात पळीतून सोडलेली दाट काकवी जशी स्वतःच्या वजनाने ताणली जाऊन वरच्या बाजूस बारीक होते, तशीच ही नळीही लांब होताना वर पातळ पडते, आणि हाच या धंद्यातील पहिला मोठा प्रश्न आहे. त्यावर दोन उपाय योजतात. एक, संथपणे वाहणारा, म्हणजे दीर्घ रेणूसाखळ्यांचा दाणा निवडणे; आणि दुसरा, नळी उतरत असतानाच फटीची रुंदी कमी-जास्त करून, जेथे भिंत अधिक ताणली जाणार आहे तेथे आधीच अधिक द्रव्य सोडणे. टिकाऊ बाटलीत या दुसऱ्या उपायाचे महत्त्व फार आहे, कारण फुगताना तळाचे कोपरे आणि खांदा हीच स्थळे सर्वाधिक ताणली जाऊन पातळ होतात आणि जार नेमका तळाच्या कोपऱ्यावरच आपटतो.

नळी पुरेशी लांब झाली की साच्याचे दोन्ही भाग तिच्यावर मिटतात, तळाशी नळी चिमटली जाऊन जोडली जाते आणि वरून शिरलेल्या नलिकेतून हवा सोडली जाते. हा दाब साधारणतः 5 ते 10 बार इतकाच लागतो. दाब कमी असल्यामुळे साचा अतिकठीण पोलादाचा असण्याची गरज राहत नाही. उष्णता लवकर वाहून नेणारे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू त्यासाठी चालतात, आणि चिमटा बसतो त्या कडेला मात्र अधिक कठीण धातूचा तुकडा बसवितात. ओतकाम आणि यंत्रकाम यांची जी परंपरा कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेल-इंजिनांच्या काळापासून रुजली, आणि जी आज शिरोली व गोकुळ शिरगावच्या वसाहतींत पसरली आहे, तिच्या कारागिरांना अशा साच्याचे काम परके वाटण्याचे कारण नाही.

एका बाटलीस लागणाऱ्या वेळेचा मोठा हिस्सा फुंकण्यात जात नसून थंड होण्यात जातो. भिंतीची जाडी वाढली की थंड होण्याचा वेळ तिच्या प्रमाणापेक्षाही अधिक वाढतो, आणि त्यामुळे जाड बाटली कारखानदारास दुहेरी महाग पडते : एकदा दाण्याच्या वजनात आणि पुन्हा यंत्राच्या वेळात. घाईने साचा उघडला तर तळ फुगतो, मानेचे आटे वाकडे होतात आणि झाकण गळू लागते. साच्यातून निघालेल्या बाटलीच्या तळाशी व खांद्याशी उरलेला जादा पापुद्रा कापून, दळून तो ठराविक प्रमाणात ताज्या दाण्यात मिसळतात. हे प्रमाण बेताचे असेपर्यंत हानी होत नाही; मात्र बाहेरून आणलेला, मूळ ठाऊक नसलेला भंगाराचा दाणा पाण्याच्या अगर अन्नाच्या भांड्यात मिसळणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे, आणि वरून रंग चढविला की तो डोळ्यांना दिसतही नाही.

पेट (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट) या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीची रीत निराळी असून तिचे पेटंट अमेरिकेतील नॅथॅनियल वायथ यांना 1973 मध्ये मिळाले. तीत आधी परीक्षानळीसारखा जाड प्रीफॉर्म दाबाने ओतून घेतात. मग तो सुमारे 100 अंशांपर्यंत तापवून आतून दांड्याने लांबीस ताणतात व लगोलग 25 ते 40 बार दाबाच्या हवेने रुंदीस फुगवितात. दोन्ही दिशांनी ताणल्याने रेणू ओळीने बसतात आणि पातळ भिंतीलाही विलक्षण बळ येते. या गुणाचा लाभ घेऊनच एक लिटरची टाकाऊ बाटली वीस-पंचवीस ग्रॅममध्ये बसविता आली. परंतु हाच गुण जाड भिंतीत उतरविला तर बाटली अनेक फेऱ्या टिकते, हे जर्मनीत 1990 पासून शीतपेयांच्या परतीच्या पेट बाटल्यांनी सिद्ध केले आहे. त्या टाकाऊ बाटलीच्या कितीतरी पट जड असतात आणि सुमारे पंधरा ते पंचवीस वेळा भरल्या जातात.

आपल्याकडे परत येणारे प्लास्टिकचे भांडे म्हणजे मुख्यत्वे वीस लिटरचा पाण्याचा जार होय. निळसर, काचेसारखा पारदर्शक जार बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो आणि त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. या द्रव्याचा दाणा यंत्रात घालण्यापूर्वी सुमारे 120 अंशांवर तीन-चार तास सुकवावा लागतो. ओल राहिली तर वितळतानाच रेणूसाखळ्या तुटतात, आणि दिसायला निर्दोष असलेला जार पहिल्याच आपटीला तडकतो. त्याच्यावर आरोग्याच्या दृष्टीने एक गंभीर आक्षेपही आहे. त्याच्या घडणीत बिस्फिनॉल-ए हे द्रव्य असते आणि उष्णता, जुनाटपणा व तीव्र अल्कली यांमुळे ते सूक्ष्म प्रमाणात पाण्यात उतरते; युरोपीय संघाने 2011 मध्ये तान्ह्या मुलांच्या बाटल्यांत आणि डिसेंबर 2024 च्या नियमाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत एकंदरीतच त्यास मनाई केली आहे. एचडी दाण्याचे भांडे या आक्षेपातून मुक्त असते, आघात उत्तम सोसते. पण ते पारदर्शक नसते, वास शोषून घेते, आणि साबणाच्या पाण्याच्या सततच्या संपर्काने, ताण असलेल्या जागी, बारीक तडे धरू शकते. तेव्हा सर्व गुणांनी युक्त असे द्रव्य नाही, आणि कारखानदाराने बाटलीत काय भरले जाणार व ती कशाने धुतली जाणार हे आधी विचारूनच दाणा निवडावा.

टिकाऊपणाचा निम्मा भाग धुण्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. काचेची बाटली 80 अंशांच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात निःशंक धुता येते. पेटला 60 अंशांच्या आतच राहावे लागते, नाहीतर ती आकसते. आणि पॉलिकार्बोनेटला तीव्र कॉस्टिक मानवत नाही, म्हणून सौम्य द्रावण, भरपूर स्वच्छ पाणी व शेवटी निर्जंतुकीकरण हा क्रम पाळावा लागतो. उन्हात ठेवलेल्या जारमध्ये हिरवे शेवाळ धरते, ते केवळ खळबळून निघत नाही. याहून कठीण शत्रू म्हणजे वास. घरी गेलेल्या बाटलीत कोणी रॉकेल किंवा फिनेल ठेवले, तर ते भिंतीत मुरते आणि कितीही धुतले तरी पुढच्या भरण्यात हळूहळू उतरत राहते. युरोपातील परतीच्या कारखान्यांत म्हणूनच प्रत्येक बाटलीची हवा हुंगणारी उपकरणे बसविलेली असतात. शिरोळ तालुक्यात ऊस आणि भाजीपाला यांवर फवारणी सतत चालते, आणि औषधांचे मजबूत एचडी कॅन शेताच्या बांधावर विपुल पडलेले असतात. ते टिकाऊ आहेत एवढ्यावरून त्यांत पाणी, दूध किंवा तेल भरणे प्राणघातक ठरू शकते.

भरलेल्या पाण्यावर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का 2001 मध्ये सक्तीचा झाला होता व 2024 मध्ये ती सक्ती उठली. प्लास्टिकच्या वापरावर महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने निर्बंध घातले, आणि पेट बाटलीवर परताव्याची रक्कम छापण्याची तरतूदही त्यातच होती. ती अंमलात नेटाने उतरली असती तर आज चित्र निराळे दिसते. केंद्र शासनाच्या 16 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेत उत्पादकाच्या जबाबदारीचा अधिक स्पष्ट हिशेब आहे : 4.9 लिटर व त्याहून मोठ्या ताठ प्लास्टिक वेष्टनांपैकी 2025-26 मध्ये 70 टक्के आणि 2028-29 पासून 85 टक्के पुन्हा वापरली जावीत, तर 0.9 ते 4.9 लिटरच्या गटात हेच प्रमाण 10 टक्क्यांपासून 25 टक्क्यांपर्यंत चढत जावे. मोठ्या जारचे लक्ष्य उंच असण्याचे कारण उघड आहे. तो आजही अनामत घेऊन दिला जातो व त्यामुळे परत येतो. लहान बाटलीला अनामत नाही. ती नदीकडे जाते.

कुरुंदवाड आणि नृसिंहवाडीच्या परिसरात या भांड्याची खरी कसोटी महापुरात लागते. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी तालुक्यातील गावे पाण्याने वेढली गेली, आणि चहूकडे पाणी असताना पिण्याच्या पाण्याचीच टंचाई झाली. मदत म्हणून येणाऱ्या लहान बाटल्या तहान भागवितात, हे उपकारच; परंतु पूर ओसरल्यावर त्या गाळात रुततात, आणि उरलेल्या राजापूरच्या बंधाऱ्याकडे वाहत जातात. नगरपरिषदेने आणि पाणी विक्रेत्यांनी एकत्र येऊन उंच जागी जारचा राखीव साठा ठेवला, प्रत्येक जारवर भरणाऱ्याचे नाव व घडणीचे वर्ष उमटवून घेतले आणि पुरानंतर ते अनामतीवर परत गोळा केले, तर खर्च फारसा वाढणार नाही. घरोघरच्या लोकांनीही आषाढ लागण्यापूर्वी आपले जार तपासावेत : तळाच्या जोडावर नख फिरवून तडा पाहावा, आत वास येतो का ते पाहावे, पिवळट व धूसर झालेला जार भंगारात द्यावा, आणि उरलेले झाकण घट्ट लावून माळ्यावर बांधून ठेवावेत.