गारव्याचं पाणी

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला येणारे बहुतेक जण चक्की पाहतात, हौदाच्या काठावर फोटो काढतात आणि निघतात. हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे, तिकडे फार थोडे वळतात. भक्कम खांबांवर उभ्या असलेल्या या दालनाचं छत म्हणजेच वरच्या हौदाचा तळ. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून खाम नदीकाठी येतं, उंच भिंतीवरून हौदात पडतं आणि दालनाच्या डोक्यावर पसरून राहतं. छताच्या दगडाला ऊन लागत नाही, आणि वरचं पाणी वाफ होऊन उडताना स्वतःची उष्णता घेऊन जातं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे यात्रेकरू उन्हाळ्यात इथे विसावत. शहरातल्या आजच्या कूलरचा मागोवा घ्यायचा, तर तो या दालनातून निघतो.

हे शहर वसलंच पाण्याच्या हिकमतीवर. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि काही वर्षांतच नहर-ए-अंबरी खोदून जमिनीखालून पाणी शहरात आणलं. खडकीचं पुढे फतेहनगर झालं, 1653 मध्ये औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, पण मार्च ते जून हा कोरडा भाजणारा काळ तसाच राहिला. थंडीची फारशी चिंता इथे कधीच नव्हती. डिसेंबर-जानेवारीचे काही आठवडे रजई आणि शेगडीवर निभतात. घर गरम करण्याची यंत्रणा इथे कुणी मागितली नाही. मागणी कायम गारव्याचीच.

त्यावर पहिला उपाय घराच्या अंगातच होता. मराठवाड्यातली धाब्याची घरं मातीची, भिंती हात-दीड हात रुंद, वर लाकडाच्या दांड्यांवर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन हा थर ओलांडून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. वाड्यांना चौक होता, काहींना तळघर होतं. दुपारी तळघरात, रात्री धाब्यावर, असा माणूसच घरातल्या घरात मुक्काम हलवायचा.

दुसरा उपाय वाऱ्यालाच ओलं करण्याचा. वाळ्याच्या मुळांची ताटी दारात लावायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं. झळ आत येताना गार आणि सुगंधी होऊन येते. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फज्लने या वाळ्याच्या खोल्यांचं कौतुक केलं आहे आणि श्रेय अर्थातच बादशहाला दिलं आहे. ताटीची अडचण एवढीच की वारा पडला की ती नुसती ओली चटई उरते.

ही अडचण इंग्रजांच्या काळात सुटली. 1830 च्या दशकात अलाहाबादेत राहणाऱ्या फॅनी पार्क्स या बाईंनी आपल्या प्रवासवर्णनात ‘थर्मँटिडोट’ नावाच्या यंत्राची हकिकत दिली आहे. माणसाहून उंच लाकडी पेटी, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वरून त्यांच्यावर ठिबकणारं पाणी, पोटात मोठा पंखा आणि तो फिरवायला बाहेर उन्हात उभा केलेला माणूस. पेटीचं तोंड खिडकीत. त्या माणसाच्या जागी मोटर ठेवा, लाकडाच्या जागी पत्रा आणि वाळ्याच्या जागी लाकडाचा बारीक कीस, की आपल्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसलेला कूलर तयार. विजेवर चालणारी असली यंत्रं 1930 च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी भागात घरोघर लागली. पंपाचा प्रवास तिकडून झाला असेल, पण ओल्या ताटीतून वारा ओढण्याची कल्पना इथली जुनीच.

आपल्याकडे डेझर्ट कूलर मोठ्या कारखान्यांपेक्षा वेल्डिंगच्या दुकानांनी वाढवला. पत्रा वाकवायचा, अठरा इंची एक्झॉस्ट फॅन बसवायचा, खाली टाकी, तिच्यात छोटा पंप, तीन बाजूंना जाळीत दाबलेलं ‘गवत’. 1988 मध्ये अहमदाबादेत सिम्फनी सुरू झाली आणि कूलरला प्लास्टिकचं देखणं अंग आलं, नंतर गवताच्या जागी हनीकोम पॅड आले. तरी पत्र्याचा कूलर हटला नाही. त्याचा कुठलाही भाग गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतो, आणि भारनियमनाच्या वर्षांत तो घरच्या इन्व्हर्टरवरही चालत असे.

तो या शहराला मानवला, यामागे साधं गणित आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पारा 40 अंशांवर आणि हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या पॅडमधून आलेली हवा 26-27 अंशांपर्यंत उतरते. जूनअखेरीस 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता झाली, की तोच कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो आणि वर अंथरूण दमट करतो. मुंबईकराने कूलरला नावं ठेवावीत आणि संभाजीनगरकराने त्याची बाजू घ्यावी, यात दोघांचंही बरोबर आहे.

कूलरची अडचण हवेत नाही, नळात आहे. मोठा कूलर भर दुपारी ताशी दहा लिटरच्या आसपास पाणी सहज पितो. आठ तासांत ऐंशी लिटर. शहराला पाणी येतं ते पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून, आणि गेली कित्येक वर्षं बऱ्याच भागांत नळ रोज येत नाही, काही ठिकाणी आठवडा जातो. मलिक अंबरच्या शहरात कूलरला हवा हवी तशी आहे, पण पाणी उसनं आणावं लागतं. त्यातून टाकीत साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा कोरडं केलं नाही, तर डेंग्यूच्या डासांची सोय होते, आणि अर्थिंग नसलेला पत्र्याचा कूलर ओल्या हाताला जिवावर उठतो.

मधल्या काळात घरंही बदलली. 1970 च्या दशकापासून सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, पाठोपाठ सगळीकडे आरसीसीचे स्लॅब आले. पाच-सहा इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खोलीत सोडतो. धाब्यावर झोपणारा माणूस वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडला गेला. एसीची गरज हवेइतकीच या स्लॅबनेही निर्माण केली.

एसीचं घराणं अगदी वेगळं. विलिस कॅरियरने 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र केलं ते माणसांना गार करायला नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांची छपाई जुळायची नाही, म्हणून हवेतलं पाणी काढायचं होतं. कूलर हवेत पाणी घालतो, एसी काढतो. भारतात ब्लू स्टार 1943 ची, व्होल्टास 1954 ची. पण घरोघरी एसी पोचायला पुढची कित्येक दशकं गेली. एसीची ताकद अजूनही बर्फात मोजतात: चोवीस तासांत दोन हजार पौंड बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उपसणारा एसी एक टनाचा.

या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण 1961 चं. त्या वर्षी जपानच्या तोशिबाने स्प्लिट एसी आणला. खिडकीतला एसी कारखान्यातून सीलबंद यायचा. स्प्लिटचे दोन तुकडे येतात आणि ते जोडून यंत्र पुरं होतं ते तुमच्या घरात, शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून. कारखान्याचं शेवटचं काम तो करतो. ताटीवर पाणी मारणारा भिश्ती, पेटीचा पंखा फिरवणारा, कूलर जोडणारा वेल्डर, या रांगेत शेवटी तो उभा आहे. पूर्वीच्यांनी कामात कसूर केली तर लगेच उकडायचं. याने केली तर दोन वर्षांनी कळतं.

काम पाहायचं ते इथे. तांब्याच्या पाइपची टोकं तो फ्लेअरिंग टूलने पसरवतो, नट आवळतो. मग पाइपमधली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची असते. पंप लावून वीसेक मिनिटं थांबायचं, पंप बंद केल्यावर काटा हलत नाही ना हे पाहायचं आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडायचा. घाईतला माणूस पंप आणतच नाही. थोडा गॅस सोडून त्यानेच हवा ढकलून देतो. ओल आत राहते आणि हळूहळू कॉम्प्रेसर खाते. नव्या एसींत आर-32 गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, म्हणजे ही घाई धोक्याचीही आहे. ‘गॅस दरवर्षी भरावा लागतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बंद नळीतला गॅस संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आधी ती शोधायला लावा.

एसीवरचे तारे पाहताना तारे कमी आणि शेजारचा आयसीअर (ISEER), म्हणजे हंगामभराच्या कार्यक्षमतेचा, आकडा जास्त पाहावा, कारण ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात आणि जुना पाच तारा नव्या मोजणीत खाली उतरतो. हा आकडा वर्षाला 1600 तास वापर धरून काढलेला असतो. 2020 पासून नवे एसी 24 अंशांवर लावूनच येतात, तो आकडा तिथेच राहू द्यावा.

या शहरापुरता निवाडा असा. पाणी जवळ असेल आणि घरात हवा खेळत असेल, तर मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत कूलरला तोड नाही. मात्र त्याच्या समोरची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर एसीच्या आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक थर द्या, कदाचित दीड टनाऐवजी एका टनात भागेल. आणि एसी घ्यायचाच असेल, तर दुकानदाराशी घासाघीस करण्याआधी एवढंच विचारा: बसवायला येणारा माणूस व्हॅक्यूम पंप घेऊन येणार का? उत्तर टाळलं, तर दुकान बदला.