आर्ट रॉस यांच्या नावाची चकती

आइस हॉकीच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना आर्ट रॉस हे नाव बहुधा पहिल्यांदा दिसते ते काळ्या रबरी चकतीवर. या खेळात चेंडूच्या जागी असलेली ही चकती, म्हणजे पक, 3 इंच व्यासाची आणि 1 इंच जाडीची असते. जुन्या पकच्या एका बाजूला रॉस यांचे नाव, ‘टायर’ या रबर कंपनीचे नाव आणि 2226516 हा पेटंट क्रमांक ठशात उमटलेला असतो.

रॉस मूळचे कॅनडाचे आणि आधी बचाव फळीतले नामांकित खेळाडू. 1907 मध्ये केनोरा आणि 1908 मध्ये माँट्रिअल वाँडरर्स या संघांकडून त्यांनी स्टॅन्ले कप जिंकला. त्या दिवसांची आठवण म्हणजे 1910-11 च्या हंगामातले सिगारेटच्या पाकिटातले छोटे रंगीत चित्र. 36 चित्रांच्या त्या संचात रॉसही आहेत. असली चित्रे हातोहात फिरत, त्यामुळे चारही कोपरे शाबूत असलेले चित्र हाती लागणे दुर्मीळच.

1924 मध्ये बोस्टन ब्रुइन्स हा नॅशनल हॉकी लीगमधला अमेरिकेतला पहिला संघ उभा राहिला आणि रॉस त्याचे प्रशिक्षक व व्यवस्थापक झाले. 1929 मध्ये संघाने पहिला स्टॅन्ले कप मिळवला. 1931 च्या बाद फेरीत एका गोलने मागे असताना त्यांनी गोलरक्षकाला बाहेर बोलावून सहावा खेळाडू आक्रमणाला धाडला. सामना गेला, पण ही चाल आज सर्रास खेळली जाते.

सामने पाहता पाहता साधनांमधले दोष त्यांना खटकू लागले. सपाट पाठीच्या जाळीवर आपटून पक पुन्हा बाहेर येई आणि गोल झाला की नाही यावर वाद होत. रॉस यांनी जाळीची पाठ इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखी वळवली, त्यामुळे पक आतच अडकू लागला. 1927 पासून 1984 पर्यंत लीगमध्ये हीच जाळी होती. जुन्या पकच्या धारदार कडांमुळे तो उसळे; रॉस यांनी कडा तासल्या आणि नैसर्गिक रबराऐवजी कृत्रिम रबर वापरले.

संग्राहकांची खरी परीक्षा या पकमध्येच होते. मॅसॅच्युसेट्समधली टायर कंपनी 1961 मध्ये कॉन्व्हर्सने विकत घेतली. म्हणून नुसते ‘टायर’ लिहिलेला पक साधारणपणे त्याआधीचा आणि ‘कॉन्व्हर्स’ लिहिलेला नंतरचा, असा ढोबळ हिशेब करता येतो. कडेवर काठीचे वळ आणि घासल्याच्या खुणा असतील तर तो सामन्यात वापरलेला असण्याची शक्यता वाढते, मात्र एवढ्यावर खात्री धरू नये. सामन्याची नोंद किंवा पूर्वीच्या मालकाचा लेखी दाखला मिळाला तरच दावा पक्का होतो.

1947-48 च्या हंगामापासून सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूला रॉस यांच्या नावाचा चषक दिला जातो. पहिला मान माँट्रिअलच्या एल्मर लाख यांना मिळाला. चषक जिंकणाऱ्याला मिळतो. पक मात्र प्रेक्षकांत उडून आला तर कोणालाही घरी नेता येतो. रॉस यांची सर्वात खरी आठवण तीच.