पालिका कर्मचाऱ्यांचा पगार आणि निवृत्तीचे पैसे : येतात कुठून, अडकतात कुठे?

जिल्हा परिषद शाळेतल्या मास्तरचा पगार आणि नगरपालिकेतल्या सफाई कामगाराचा पगार एकाच ठिकाणाहून निघतो, असा गावाकडे समज आहे. तसं नाही. मास्तरचा पगार राज्य सरकारच्या पैशातून होतो. पालिका कर्मचाऱ्याचा पगार पालिकेच्या तिजोरीतून होतो आणि निवृत्तांची पेन्शनही तिथूनच.

ही तिजोरी आधी जकातीवर चालायची. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये बंद झाली, बदल्यात शासनाचं सहायक अनुदान आलं. महापालिकांमध्ये जकातीच्या जागी एलबीटी आला, तोही गेला आणि 2017 पासून जीएसटी भरपाईचं अनुदान सुरू झालं. म्हणून अचलपूर, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या पालिका असोत की अमरावती-अकोल्याच्या महापालिका, अनुदान लांबलं की पगार लांबते. बाकी भर मालमत्ता कर आणि पाणीपट्टीवर, आणि ती वसुली मार्च आल्याशिवाय जोर धरत नाही. वेतन आयोग मुंबईत लागू होतो, थकबाकी मात्र पालिकेच्या ऐपतीप्रमाणे मिळते.

यात जास्त हाल निवृत्तांचे. कामावरचा माणूस संपावर गेला की तीन दिवसांत चौकात कचरा दिसते आणि बैठक लागते. निवृत्त माणसाच्या हाती ते हत्यार नाही.

पेन्शन कोणाला?

1 नोव्हेंबर 2005 च्या आधी नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन. त्यानंतर लागलेल्यांच्या पगारातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपात होते. याच तारखेवरून मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला होता. कपात झालेली रक्कम खात्यात खरंच जमा झाली का, हे प्राण क्रमांकावर बघता येते. पगारपत्रकावर कपात दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

तिवसा, भातकुली, धारणी, बार्शीटाकळी ही गावं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांनी समावेशनाचा आदेश आणि सेवापुस्तकातल्या नोंदी आत्ताच तपासाव्या. निवृत्तीच्या महिन्यात हे कागद शोधणं म्हणजे चकराच चकरा.

ग्रॅच्युइटीचा हिशेब

शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. समजा ही रक्कम 52,000 रुपये आणि सेवा 30 वर्षं, तर 9 लाख होतात. कमाल मर्यादा 20 लाख. कायद्यानुसार देय झाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर व्याजासह. 'आमच्याकडे पेन्शन आहे, तो कायदा आम्हाला लागू नाही,' असं उत्तर कार्यालयात मिळालं तर ऐकून परत येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये दिल्ली महापालिकेच्या आणि 2019 मध्ये कानपूर महापालिकेच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आहे. पालिकेचा नियम आणि कायदा या दोन्हींत जी रक्कम जास्त, ती मागता येते. दोन्ही मिळत नाहीत. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तरीही पैसे आले नाहीत तर कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करून नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

ठेकेदाराकडचे कामगार

घंटागाडीवर आणि झाडलोटीवर आता बरेच जण ठेक्याचे आहेत. त्यांना पेन्शन नाही, पण भविष्य निर्वाह निधी आहे : कामगाराचे 12 टक्के, मालकाचे 12 टक्के. 10 वर्षं सेवा भरली तर त्यातूनच किमान 1,000 रुपये महिना पेन्शन मिळते. ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलते आणि प्रत्येक जण नवीन खातं काढते, तिथेच सेवा तुटते. यूएएन क्रमांक एकच ठेवावा आणि जुनी खाती त्यात जोडून घ्यावी. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी काम देणाऱ्या पालिकेवर येते. कायदा तेच सांगते.

जमा पाहायची असेल तर यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून 9966044425 वर मिस्ड कॉल द्यावा, मेसेज येतो. त्यात शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा आहे ते बघावं. तो मागे राहिला असेल तर अकोल्यातल्या भविष्य निधी कार्यालयात तक्रार करता येते.