सांध्याची गोष्ट

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचे पाणी काढावे म्हणून मुरुडच्या आमच्या घरातली तोटी फिरवली, तो ती आट्यांसकट माझ्या हातात आली! तेल-उटणे लावून बसलेली मुले थंडीत कुडकुडू लागली. आई शांतपणे म्हणाली, "विहिरीवरचा रहाट काढून टाकलास तो तूच ना रे?" मी काय बोलणार? रहाट काढून पंप आणि लोखंडी नळ आणणारा मीच. त्या दिवशी शेजारच्या काकूंच्या हंड्यांवर आमची दिवाळी झाली.

उजाडल्यावर नळ सोडवून पाहिला. लोखंडावर जस्त चढवण्याच्या कृतीचे पेटंट सोरेल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1837 साली घेतले. जस्त आपण झिजते आणि लोखंडाला राखते. पण खाऱ्या वाऱ्यापुढे त्याचे आयुष्य ते किती! त्यात आमची विहीर मचूळ. अशा पाण्यात पितळी तोटी आणि लोखंडी नळ एकमेकांना भिडले की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यात लोखंड खाल्ले जाते. गंमत अशी, की उरलेला नळ अजून बरा होता. आटे पाडताना जस्त खरवडले गेलेले तोंड तेवढे भुसभुशीत झाले होते.

तेव्हा मला समोरच्या समुद्रातला पद्मदुर्ग आठवला. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवाजी महाराजांनी तो कांसा बेटावर उभारला. तिकडची रसद वेळेवर न पोहोचवणाऱ्या सुभेदाराला 1675 च्या जानेवारीत महाराजांनी लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्धच आहे. कधी होडीने गेलात तर तटाला हात लावून पाहा. लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, आणि दरजांतला चुना मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारखा बाहेर उभा आहे. साडेतीनशे वर्षे होत आली! दगड हरला, सांधा टिकला. माझ्या घरी नेमके उलटे.

सिद्दींसारखाच हबशी असलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालून पाणी खेळवले. त्यात खापरी नळही होते. भाजलेल्या मातीला गंज ठाऊक नाही. तिचा आजचा वारस प्लॅस्टिकचा नळ, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

नळकाम करणारे आमचे दादा म्हणाले, "भाऊ, नळ सगळेच बघून घेतात, सांधा कोणी बघत नाही." त्यांच्या सल्ल्याने घरात प्लॅस्टिकचे नळ घातले. त्यांचा चिकटा दोन्ही तोंडे किंचित विरघळवून एकजीव करतो. गरम पाण्यासाठी मात्र सीपीव्हीसीच हवा. साधा पीव्हीसी तिथे मऊ पडतो. उन्हात तो पुढे ठिसूळ होतो, म्हणून गच्चीवरच्या नळाला रंग दिला. तोटी पितळेचीच ठेवली, पण ती बसते त्या जोडाचे आटेही पितळेचे घेतले. किंमत ऐकून मी दचकलो. पण मुलांची ती पहाट आठवली आणि मुकाट्याने पैसे मोजले.

आईला हे सारे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आणि वीज गेली म्हणजे?"

रहाटाचे माप घ्यायला सुतार उद्या येणार आहे.