दाराची कडी

चित्रपटगृहाच्या खिडकीवर पैसे मोजले की कागदाचा एक लहानसा तुकडा हाती येतो. त्यावर खेळाची वेळ असते, रांग असते, आसनाचा क्रमांक असतो. या तुकड्याच्या मोबदल्यात आपण एक चित्रपट विकत घेतला, अशी प्रेक्षकाची समजूत असते. वस्तुतः त्याने तीन गोष्टींचे मोल दिलेले असते : एक आसन, काही तासांचा अंधार, आणि वाटेल त्या क्षणी त्या अंधारातून सुखरूप बाहेर पडण्याचा हक्क. पहिल्या दोन गोष्टी प्रेक्षक पारखून घेतो. खुर्ची मोडकी असली तर कुरकुरतो, पडद्यावरील चित्र अंधुक असले तर शिट्ट्या मारतो. तिसऱ्या गोष्टीची मात्र त्याला आठवणही नसते. ती आठवण ठेवणे हे मालकाचे काम, असे तो गृहीत धरून चालतो.

डोअरकीपर जागेवर नाही, बॅटरी दाखवून वाट दाखवणारा कोणी नाही, दोन खुर्च्यांच्या रांगांत पाय ठेवायला जागा नाही, अशा गैरसोयी भारतातील प्रेक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे सोसल्या. पंगतीत बसल्यावर आमटी आळणी आहे म्हणून कोणी पान सोडून उठत नाही, तसेच हे. परंतु गैरसोय आणि संकट यांच्यात फार मोठी भिंत नसते. डोअरकीपर जागेवर नसणे ही साडेतीनला गैरसोय असते, तीच गोष्ट पाच वाजता प्राणघातक ठरू शकते. दिल्लीतील ‘उपहार’ चित्रपटगृहाचा इतिहास हेच सांगतो.

बंदिस्त प्रेक्षागाराचा धोका जगाला अजाण नव्हता. चित्रपटकला दोन वर्षांचीही झाली नव्हती, तोच १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात चित्रदर्शनाच्या यंत्रापाशी आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे दगावली. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरॉक्वाय नाट्यगृहात आग लागली, तेव्हा पुष्कळ दारे कुलूपबंद होती, काही पडद्यांआड दडलेली होती. सहाशेहून अधिक प्रेक्षक तेथे मृत्युमुखी पडले. त्या शोकातूनच अमेरिकेत दाराच्या आतल्या बाजूस आडवी दांडी बसवण्याची युक्ती निघाली. अंगाचा भार पडताच ती दांडी दबते आणि दार बाहेर उघडते. १९२९ च्या अखेरच्या दिवशी स्कॉटलंडमधील पेझली गावी तर खरी आगही लागली नव्हती. फिल्मच्या एका डब्यातून धूर निघाला, मुले घाबरून दाराकडे धावली आणि दाराची जाळी बंद असल्यामुळे सुमारे सत्तर बालके चेंगरून गेली.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१८ मध्ये, सरकारने चित्रपटांविषयीचा पहिला कायदा केला. या कायद्याचे नाव निघाले की लोकांना कात्री आठवते. पण चित्रांची तपासणी हा त्याचा एक हेतू होता, आणि प्रेक्षकांच्या जिवाचे रक्षण हा दुसरा. त्या काळची फिल्म नायट्रेटची, कापरासारखी पेट घेणारी. म्हणून परवान्यावाचून कोठेही खेळ करता येऊ नये, असे ठरले. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबूच्या सिनेमात निदान कनात वर करून बाहेर निसटता येई. विटांच्या भिंतीला ती सोय नाही. भिंतीत दार ठेवावे लागते आणि ते उघडे राहील हे पाहावे लागते. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला आणि त्याखाली १९५३ मध्ये दिल्लीसाठी नियम झाले. आसनांमधील वाटा किती रुंद असाव्यात, बाहेर पडण्याची दारे कोठे आणि किती असावीत, हे त्यांत इंचांच्या मापाने सांगितलेले होते.

दक्षिण दिल्लीतील ग्रीन पार्क वसाहतीत १९७३ साली ‘उपहार’ला परवाना मिळाला. मराठी कानाला या नावात फराळाचा भास होतो. पण हिंदीत उपहार म्हणजे भेट. दिल्लीतल्याच एका बांधकाम व्यावसायिकाच्या, अंसल कुटुंबाच्या मालकीचे हे चित्रपटगृह. मंजूर आराखड्याप्रमाणे खाली ७५० आणि बाल्कनीत २५० आसने होती. तळमजल्यावर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेलगत, विजेचे रोहित्र बसवले होते.

पुढे या बाल्कनीत आसनांची संख्या कशी वाढत गेली, हे पाहण्यासारखे आहे. १९७६ मध्ये प्रशासनाने नियम सैल केले आणि तेथे ४३ आसने वाढली. १९७८ मध्ये मालकांच्या कुटुंबासाठी उजव्या अंगाला आठ आसनांचा खास कक्ष झाला आणि त्या बाजूची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. १९७९ मध्ये सवलत मागे घेण्यात आली, प्रकरण न्यायालयात गेले आणि ४३ पैकी ३७ आसने कायम राहिली. १९८० मध्ये आणखी १५ आसनांना अनुमती मिळाली. अशा रीतीने अडीचशेच्या बाल्कनीत तीनशे दोन माणसे बसू लागली. प्रत्येक वेळी कागद होता, सही होती, शिक्का होता. आसने वाढली ती वाटेला कापून, एवढी एकच गोष्ट कोणत्याही कागदाने ठळकपणे सांगितली नाही.

इशारे मिळालेच नाहीत असेही नव्हे. १९८३ मध्ये दिल्लीतील एका उंच इमारतीला आग लागल्यानंतर शहरातील चित्रपटगृहांची तपासणी झाली. ‘उपहार’मध्ये नियमभंग आढळले आणि परवाना चार दिवसांसाठी स्थगित झाला. मालकांनी उच्च न्यायालयाकडून त्या आदेशावर मनाई मिळवली आणि पुढची चौदा वर्षे हे चित्रपटगृह तात्पुरत्या परवान्यांवर चालत राहिले. १९८९ मध्ये तळमजल्यावर एकदा आग लागलीही होती. ती रात्रीची वेळ होती आणि प्राणहानी टळली. टळलेल्या संकटाने माणूस शहाणा होतो असे म्हणतात. पुष्कळदा तो केवळ निर्धास्त होतो.

१३ जून १९९७, शुक्रवार. १९७१ च्या युद्धातील लोंगेवालाच्या लढाईवरील ‘बॉर्डर’ हा चित्रपट त्याच दिवशी प्रदर्शित झाला होता आणि दुपारी तीनच्या खेळाला बाल्कनी भरलेली होती. त्याच सकाळी सातच्या सुमारास तळमजल्यावरील विद्युत बोर्डाच्या रोहित्रापाशी जळिताचा प्रकार घडला होता. बोर्डाच्या माणसांनी योग्य साधनावाचून घाईची दुरुस्ती केली आणि दुपारपूर्वी वीज सुरू झाली. दुपारी चारच्या सुमारास ठरलेल्या कपातीप्रमाणे ती गेली, आणि पाचला थोडा अवकाश असताना परत आली. सैल राहिलेली जोडणी निसटली, ठिणग्या उडाल्या, रोहित्राच्या पन्हळीला भोक पडून तेल बाहेर आले आणि पेटले. जवळच्या मोटारींनी पेट घेतला. धूर जिन्याच्या पोकळीतून वर चढला.

खालच्या प्रेक्षागारातील लोक बाहेर पडले. बाल्कनीत मात्र कोणी काही सांगितले नाही. ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली नाही. संकटकाळचे दिवे लागले नाहीत. दाराशी असावयाचा माणूस कडी न काढताच निघून गेला होता. उजवीकडची वाट कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालेली. प्रेक्षकांनी धक्के मारून दार उघडले, तेव्हा समोरचा सोपाही धुराने भरलेला होता. ५९ जण मृत्यू पावले, शंभरावर जखमी झाले. मृतांमध्ये महिन्याचे एक तान्हे बाळ होते. लष्करातील कॅप्टन मनजिंदरसिंग भिंदर आपल्या पत्नी व लहान मुलासह गेले. इतरांना बाहेर काढण्यासाठी ते मागे राहिले, असे सांगितले जाते. ज्वाळा बाल्कनीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. माणसे गुदमरून गेली. काही मिनिटे आधी दार उघडले असते, तर हे टळण्याजोगे होते.

नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती या दांपत्याची दोन्ही मुले त्या बाल्कनीत होती : सतरा वर्षांची उन्नती आणि तेरा वर्षांचा उज्ज्वल. त्यांनी इतर शोकग्रस्त कुटुंबांना एकत्र करून संघटना उभारली आणि न्यायालयाची पायरी चढली. ती पायरी पाव शतक संपली नाही. २००७ मध्ये सुशील आणि गोपाल अंसल या मालकबंधूंना दोन वर्षांची शिक्षा झाली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने ती एका वर्षावर आणली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम केला, परंतु शिक्षेविषयी न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. २०१५ मध्ये प्रत्येकी तीस कोटी रुपयांच्या दंडावर प्रकरण थांबेल असे दिसले. २०१७ मध्ये फेरविचार होऊन धाकट्या भावाला उरलेली शिक्षा भोगावी लागली. थोरल्याला वयामुळे सूट मिळाली. न्यायालयातील पुराव्याचे कागद बिघडवल्याचा खटला निराळा. त्यात २०२१ मध्ये दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि २०२२ मध्ये अपिलात, भोगला तेवढा तुरुंगवास पुरेसा मानून त्यांची सुटका झाली.

या साऱ्यात दिवाणी दाव्यातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने भरपाई ठरवताना बाल्कनीतील वाढीव आसनांतून किती मिळकत झाली असेल, याचा हिशेब मांडला आणि त्यावरून अडीच कोटींची दंडात्मक रक्कम काढली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हिशेब अमान्य करून पंचवीस लाख ठरवले. प्रौढ मृताच्या कुटुंबाची भरपाई अठरा लाखांवरून दहा लाखांवर आली, वीस वर्षांखालील मृतासाठी ती पंधरावरून साडेसात लाख झाली. भरपाईतला पंच्याऐंशी टक्के वाटा चित्रपटगृहाने आणि पंधरा टक्के विद्युत बोर्डाने द्यावा, असे ठरले. पोलीस आणि महापालिका या जबाबदारीतून मोकळे झाले. आकडे चढले, उतरले. पण बावन्न खुर्च्यांची कमाई एका पारड्यात घालून दुसऱ्या पारड्यात बंद वाट ठेवण्याचा प्रयत्न या देशातील एका न्यायालयाने केला, हे नोंदले गेले.

त्याच १९९७ साली ‘उपहार’पासून फार दूर नसलेल्या साकेत येथे देशातील पहिले बहुपडदा चित्रपटगृह उघडले. तेथून निराळे युग सुरू झाले. गुळगुळीत फरशी आली, मऊ खुर्च्या आल्या, नम्रपणे स्वागत करणारे कर्मचारी आले. आतिथ्याचे हे रूप सुखद आहे यात शंका नाही. तथापि खरे आतिथ्य स्वागतात नसते. ज्याच्या घरी पाहुणा मध्यरात्रीही न अडखळता दारापर्यंत पोहोचतो, तो खरा यजमान.

ग्रीन पार्कमध्ये ‘उपहार’च्या समोर ‘स्मृती-उपवन’ नावाची एक लहानशी बाग आहे. तेथे दगडावर मृतांची नावे आणि जन्मदिनांक कोरलेले आहेत. रांगेचा क्रमांक तेथे नाही, आसनाचा नाही. आज अनेक चित्रपटगृहांत खेळापूर्वी बाहेर पडण्याच्या वाटा पडद्यावर दाखवतात. प्रेक्षक तेवढ्यात शेजाऱ्याशी बोलून घेतो किंवा खाण्याचा पुडा उघडतो. त्या अर्ध्या मिनिटात त्याने मान वळवून दारावरचा तो दिवा एकदा पाहावा, आणि दाराशी माणूस उभा आहे ना, हेही पाहावे. नसेल तर विचारावे. तिकिटाच्या पैशात तेवढे विचारण्याचा अधिकार त्याने घेतलेलाच असतो.