जेसन विनंती (पीएचपी)

जेसन विनंती म्हणजे जिच्या मुख्य भागात जेसन स्वरूपातील माहिती असते, अशी न्याहाळकाने सर्व्हरकडे पाठवलेली एचटीटीपी विनंती. जेसन, अर्थात जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन, हे मजकूराधारित स्वरूप डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणले. पीएचपी या संगणकीय भाषेत अशी विनंती साध्या फॉर्मप्रमाणे आपोआप उलगडली जात नाही.

विनंतीचे स्वरूप

फॉर्मद्वारे नाव व मूल्य यांच्या जोड्या जातात आणि प्रत्येक मूल्य मजकूरच असते. जेसनमध्ये यादीत यादी अशी बहुस्तरीय रचना करता येते. तसेच संख्या, मजकूर आणि सत्य-असत्य मूल्ये यांतील भेद टिकून राहतो. जेसन पाठवताना विनंतीच्या शीर्षभागात 'कंटेंट-टाइप' या नोंदीपुढे 'ॲप्लिकेशन/जेसन' असे लिहिले जाते.

सर्व्हरवरील हाताळणी

पीएचपीतील 'पोस्ट' ही पूर्वनिर्मित सारणी केवळ फॉर्मच्या दोन सांकेतिक प्रकारांसाठी भरली जाते. जेसन विनंतीत ती रिकामी राहते. माहिती मात्र सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते. 'पीएचपी इनपुट' या प्रवाहातून ती कच्च्या मजकुराच्या रूपात वाचून 'जेसन डीकोड' या फलनाने उलगडावी लागते. हे फलन २००६ मधील पीएचपी ५.२ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. मजकूर सदोष असल्यास ते 'नल' हे रिक्त मूल्य देते. परंतु 'नल' हे स्वतःही वैध जेसन असल्याने केवळ त्यावरून दोष ओळखता येत नाही. त्यासाठी त्रुटी स्वतंत्रपणे तपासावी लागते किंवा आवृत्ती ७.३ पासूनची अपवाद उभा करण्याची सोय वापरता येते.

सुरक्षितता

मजकूर यशस्वीपणे उलगडला, तरी त्यावरून रचना वैध असल्याचेच सिद्ध होते. आशय विश्वासार्ह ठरत नाही. न्याहाळकातील तपासणी टाळून कोणालाही सर्व्हरकडे थेट विनंती पाठवता येते. उदाहरणार्थ, ऑनलाइन खरेदीच्या विनंतीत वस्तूची संख्या ऋण असू शकते किंवा किंमत बदललेली असू शकते. त्यामुळे संख्या सर्व्हरवर पुन्हा तपासणे आणि किंमत स्वतःच्या माहितीसाठ्यातूनच घेणे आवश्यक असते.

देवनागरी मजकूर

डिसेंबर २०१७ मधील आरएफसी ८२५९ या प्रमाणकानुसार भिन्न प्रणालींमध्ये पाठवला जाणारा जेसन मजकूर यूटीएफ-८ संकेतनात असावा लागतो. उत्तर तयार करणारे 'जेसन एन्कोड' हे फलन देवनागरी अक्षरांऐवजी मुळात त्यांचे युनिकोड क्रमांक लिहिते. न्याहाळक ते उलगडून मूळ अक्षरेच देतो, त्यामुळे मजकूर बदलत नाही. अक्षरे जशीच्या तशी ठेवण्याचा पर्याय आवृत्ती ५.४ पासून उपलब्ध आहे.