दयेकडून हक्कांकडे : महाराष्ट्रातील कुष्ठबाधितांची चळवळ आणि शासकीय धोरण (१८९८–२०१९)

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात नेरे या गावी कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ वसलेले आहे. कुष्ठरुग्णांचे उपचार व पुनर्वसन या हेतूने स्वातंत्र्योत्तर काळात उभ्या राहिलेल्या या संस्थेने पुढे वृद्धाश्रम, आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आणि निसर्गोपचार केंद्र अशा अनेक कार्यांची जोड आपल्या मूळ कार्याला दिली. पनवेल परिसरातील जनतेला शांतिवन परिचित आहे ते एक सेवाभावी संस्था म्हणून. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे निराळा प्रश्न उभा राहतो. रोग झालेल्या माणसासाठी गावाबाहेर स्वतंत्र वसाहत उभारण्याची गरज मुळात का निर्माण झाली? या प्रश्नाचे अर्धे उत्तर समाजाच्या भीतीत आहे, तर उरलेले अर्धे शासनाच्या कायद्यात आहे.

कुष्ठरोगावर खात्रीशीर उपचार १९८०च्या दशकाच्या प्रारंभी उपलब्ध झाला. मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी भारतीय कायद्यातून २०१९ साली वगळल्या गेल्या. औषध आणि कायदा यांच्यामध्ये जवळपास चार दशकांचे अंतर पडले. हे अंतर वैद्यकशास्त्राने मिटवले नाही. कुष्ठबाधितांनी व त्यांच्या कार्यकर्त्यांनी शासनापुढे सातत्याने केलेल्या मागणीने ते मिटले. दयेच्या भाषेची जागा हक्कांच्या भाषेने घेतली तेव्हाच धोरणात बदल झाला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वसाहतकालीन धोरण : रुग्ण की अपराधी?

नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध लावला. त्यामुळे हा रोग आनुवंशिक किंवा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नसून संसर्गजन्य आहे, हे स्पष्ट होऊ लागले. परंतु या शोधाचा पहिला सामाजिक परिणाम विपरीत झाला. पापाची कल्पना गेली नाही. तिच्यात संसर्गाच्या भीतीची भर मात्र पडली. हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन यांचा १८८९ मध्ये त्याच रोगाने मृत्यू झाला आणि ही भीती जगभर पसरली.

मुंबईत रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांचा प्रश्न त्याच सुमारास ऐरणीवर आला. महानगरपालिकेचे आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा-वडाळा भागात निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. तेच पुढे ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठी पोवाड्यांचे संकलक म्हणून ज्ञात असलेल्या या प्रशासकाने रुग्णांना निवारा दिला, हे निर्विवाद होय. मात्र त्या निवाऱ्यामागे रुग्णाची सोय आणि शहरातील रस्ते मोकळे करण्याची निकड असे दोन्ही हेतू एकत्र होते.

१८९०-९१ मध्ये भारतात आलेल्या कुष्ठरोग आयोगाने या रोगाचा संसर्ग समजला जातो तितका तीव्र नसल्याचा निष्कर्ष काढला होता. असे असूनही १८९८ मध्ये ‘लेपर्स ॲक्ट’ संमत झाला. भीक मागणाऱ्या अथवा उपजीविकेचे साधन नसलेल्या कुष्ठरुग्णास विनावॉरंट पकडून आश्रयस्थानात ठेवण्याचा अधिकार त्यान्वये पोलिसांना मिळाला. खाद्यपदार्थ तयार करून विकणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे वा कपडे धुणे, रेल्वेखेरीज अन्य सार्वजनिक वाहनातून प्रवास करणे यांवर बंदी घालण्याची मुभा शासनाला देण्यात आली. विशेष लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, अटकेची तरतूद गरीब रुग्णांपुरती होती. ज्याच्याकडे घर व पैसा होता, तो आपल्या घरी राहू शकत असे. म्हणजेच कायद्याने रोगापेक्षा दारिद्र्यालाच अधिक शिक्षा केली.

सेवेचा कालखंड

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गांधीविचाराने प्रेरित झालेल्या कार्यकर्त्यांनी या क्षेत्रात मोलाची भर घातली. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग जडल्यानंतर गांधीजींनी त्यांना सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले व स्वतः त्यांची शुश्रूषा केली. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमातही कुष्ठसेवेला स्थान मिळाले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले. रुग्णांना दूर नेण्याऐवजी गावोगावी पाहणी, शिक्षण व उपचार करण्याची पद्धत डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे विकसित झाली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. पनवेलची कुष्ठरोग निवारण समिती ही याच सेवापरंपरेतील संस्था होय.

या कालखंडाचे ऋण मोठे आहे. अवयव गमावलेला माणूसही शेती, विणकाम, सुतारकाम करू शकतो, हे या संस्थांनी सिद्ध केले. परंतु त्यांची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. शासनाशी संवाद साधणारा घटक संस्थाचालक होता. रुग्ण हा त्या संवादाचा विषय होता, वक्ता नव्हता. अनुदान, जमीन, औषधे यांची मागणी होत असे. कायद्यातील भेदभावाचा प्रश्न क्वचितच पुढे येई. शिवाय या काळात नवे भेदभावकारक कायदेही होत राहिले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ‘उग्र व असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरले. मुंबईच्या १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात कुष्ठरुग्णांना वेगळे काढून स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद आली. १९७६च्या दुरुस्तीने तर विवाह कायद्यातील तीन वर्षांच्या आजारपणाची अटही काढून टाकली आणि असा घटस्फोट अधिक सुलभ केला.

औषध आले, कायदा राहिला

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन या औषधांच्या सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होऊ लागला. उपचार सुरू होताच अल्पावधीत रुग्णाची संसर्गक्षमता संपते, हेही सिद्ध झाले. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर १९८३ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम’ अस्तित्वात आला. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे निर्मूलनाचे उद्दिष्ट देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठले.

या यशाची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर आघात करतो. औषधाने जंतू नष्ट होतो, पण बधिर झालेल्या हातापायांची संवेदना बहुधा परत येत नाही. चटका लागला, खिळा रुतला तरी कळत नाही. जखमा चिघळतात, बोटे झडतात, डोळे जातात. त्यामुळे जंतूच्या दृष्टीने बरा झालेला माणूस हा देहाच्या दृष्टीने आजन्म रुग्णच राहतो. शासकीय नोंदवहीत औषधाचा क्रम पूर्ण होताच त्याचे नाव कमी होते. त्याचे व्रण, त्याची बेरोजगारी आणि त्याच्या मुलांच्या विवाहातील अडचणी यांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. निर्मूलनाच्या घोषणेनंतर कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले आणि प्रश्न संपल्याची भावना बळावली. नेमक्या याच टप्प्यावर कुष्ठबाधितांचा स्वतंत्र आवाज संघटित झाला, हा योगायोग नव्हे. आकड्यांतून वगळले गेलेले लोक स्वतःची गणना मागू लागले होते.

याचिकेचा मार्ग

कुष्ठबाधितांच्या संघटनांना आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमीही होती. १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये ‘आयडिया’ ही कुष्ठबाधितांची जागतिक संघटना स्थापन झाली. तिचे भारतातील अग्रणी डॉ. पी. के. गोपाल हे स्वतः या रोगातून गेलेले होते. त्यांच्याच नेतृत्वाखाली पुढे देशभरातील कुष्ठवसाहतींतील प्रतिनिधींचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. भीक मागण्यावाचून पर्याय नसलेल्या वसाहतींतील माणसे आता सभा घेऊ लागली, निवेदने देऊ लागली.

महाराष्ट्राचे या टप्प्यातील योगदान विशेष आहे. माजी केंद्रीय मंत्री राम नाईक यांनी कुष्ठबाधितांचे एकात्मीकरण व सक्षमीकरण व्हावे, या मागणीसाठी अन्य अर्जदारांसह राज्यसभेकडे याचिका सादर केली. नागरिकाने थेट संसदेकडे अर्ज करण्याची ही जुनी, परंतु फारशी न वापरली जाणारी तरतूद होय. राज्यसभेच्या याचिका समितीने या अर्जाची दखल घेऊन ऑक्टोबर २००८ मध्ये आपला १३१वा अहवाल सादर केला आणि भेदभावकारक कायदे बदलण्याची शिफारस केली. कुष्ठबाधितांचा प्रश्न आरोग्य खात्याच्या कक्षेतून बाहेर पडून नागरी हक्कांचा प्रश्न म्हणून संसदेच्या दप्तरी नोंदवला गेला, हे या अहवालाचे महत्त्व होय.

मार्ग सुकर मात्र नव्हता. त्याच वर्षी धीरेंद्र पांडुआ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरुग्णास नगरपालिकेच्या सदस्यत्वासाठी अपात्र ठरवणारी ओडिशातील तरतूद वैध ठरवली. अर्थात, वैद्यकीय प्रगती लक्षात घेऊन विधिमंडळाने अशा तरतुदींचा फेरविचार करावा, असेही न्यायालयाने सुचवले. म्हणजे प्रश्न पुन्हा कायदेमंडळाच्याच दारी आला.

कायद्यातील परिवर्तन

यानंतरच्या दशकात घडामोडींना गती आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये कुष्ठबाधित व त्यांचे कुटुंबीय यांच्याविरुद्धचा भेदभाव नाहीसा करण्यासाठी तत्त्वे व मार्गदर्शक सूचना यांची दखल घेणारा ठराव केला. भारतीय विधी आयोगाने एप्रिल २०१५ मध्ये २५६वा अहवाल सादर करून भेदभावकारक कायद्यांची चिकित्सा केली. २०१६ मध्ये १८९८चा ‘लेपर्स ॲक्ट’ रद्द झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये पंकज सिन्हा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जनजागृती, उपचार, पुनर्वसन व अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांबाबत केंद्र व राज्यांना व्यापक निर्देश दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियम संमत होऊन पाच कायद्यांतून कुष्ठरोगाचा उल्लेख वगळण्यात आला. त्यांत १८६९चा घटस्फोट कायदा, १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९५४चा विशेष विवाह कायदा, १९५५चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा यांचा समावेश होता.

या परिवर्तनाचा सर्वाधिक संबंध स्त्रियांशी आहे. कायद्याच्या शब्दांत पती व पत्नी समान असले, तरी स्त्रीला रोग झाल्यास तिला माहेरी वा आश्रमात पाठवून देणे समाजाने सहज मानले होते. अशा परित्यागाला मिळालेला कायद्याचा आधार २०१९ मध्ये संपुष्टात आला.

अपूर्ण कार्य

केंद्रीय कायदे बदलले, तरी राज्यांचे जुने अधिनियम, नियम व स्थानिक संस्थांच्या तरतुदी यांतील भेदभाव शिल्लक राहिला. कुष्ठरोग क्षेत्रातील संस्थांच्या महासंघाच्या याचिकेवर २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला या विषयात राज्यांकडे विचारणा करावी लागली. दुसरीकडे जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतात आढळतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये प्रत्येक नव्या रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणे डॉक्टरांना बंधनकारक केले. लवकर निदान झाल्यास विकृती टळते, या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु ज्या समाजाने एकेकाळी नोंद झालेल्या रुग्णास पकडून नेलेले पाहिले, त्या समाजात नोंदणीबरोबर गोपनीयतेची हमी नसेल, तर रुग्ण दवाखान्याऐवजी लपण्याची जागा शोधेल. १८९८चा धडा हाच आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, वैद्यकीय ज्ञानामुळे कायदा आपोआप बदलत नाही. १८९०-९१च्या आयोगाचा निष्कर्ष डावलून १८९८चा कायदा झाला आणि १९८१च्या शिफारशीनंतरही जुने कायदे दीर्घकाळ टिकले. दुसरी, सेवासंस्थांनी माणसे वाचवली. परंतु धोरण बदलले ते कुष्ठबाधितांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संसद, विधी आयोग व न्यायालय यांच्यापुढे हक्काची मागणी केल्यावरच. तिसरी, दीर्घकालीन आजारात ‘बरा झाला’ ही शासकीय नोंद आणि ‘बरा झाला’ हा माणसाचा अनुभव या भिन्न गोष्टी आहेत. धोरणाने दुसरीलाही स्थान दिले पाहिजे.

‘महारोगी’, ‘कुष्ठरोगी’, ‘कुष्ठपीडित’, ‘कुष्ठबाधित’ असा या शब्दांचा प्रवास त्या संघर्षाचीच साक्ष देतो. नेऱ्याच्या शांतिवनासारख्या वसाहती एका क्रूर काळाची गरज म्हणून निर्माण झाल्या. तेथील वृद्ध रहिवाशांना अखेरपर्यंत सन्मानाने सांभाळणे आणि नव्या रुग्णाला घर सोडून अशा वसाहतीत येण्याची वेळ येऊ न देणे, ही दुहेरी जबाबदारी आज शासन व समाज यांच्यावर आहे.